तोल जातो, गुडघे साथ देत नाहीत, तरी हालचाल चालू कशी ठेवायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये आठवड्यातून तीन दिवस सकाळी ज्येष्ठांचा व्यायामाचा गट जमतो, खुर्च्या मांडून. सुरुवात माझ्या आईमुळे झाली. ती ७४ व्या वर्षी मोरीत घसरून पडली, मनगट मोडलं, ते सहा आठवड्यांत जुळलंसुद्धा, पण त्या काळात आणि नंतरही आम्ही सगळ्यांनी मायेपोटी "तू बस, आम्ही करतो" करत तिला इतकं बसवलं की तीन महिन्यांनी तिला सोफ्यावरून हात न टेकता उठताच येईना. हाड जुळलं आणि पाय गेले. मग एका फिजिओने तिला परत उभं केलं आणि मी ते सगळं बघत, शिकत गेले. मी डॉक्टर नाही, पण लोक जे प्रश्न परत परत विचारतात त्यांची उत्तरं एकदा नीट लिहून काढावीत असं बरेच दिवस मनात होतं.

बाबा दोनदा पडले. आता त्यांना चालूच देऊ नये, बसवून ठेवावं असं वाटतंय. चुकतंय का?

हो, चुकतंय. काळजीपोटीच होतं हे, मला माहितीये, पण बसवून ठेवल्याने पडणं टळत नाही, उलट जवळ येतं. पाय वापरले नाहीत की स्नायू भराभर उतरतात, आणि म्हातारपणी तर फारच भराभर. निरोगी ज्येष्ठांना १० दिवस नुसतं अंथरुणावर ठेवून बघितलं तर त्यांच्या पायांतून जवळजवळ एक किलो स्नायू कमी झाला, आणि ही धडधाकट माणसं होती, आजारी नव्हेत. त्यात मनात भीती बसते, मग माणूस पावलं छोटी टाकतो, खाली बघत चालतो, भिंती धरतो, बाहेर जाणं सोडतो, आणि पाय आणखी कमजोर. पडायच्या भीतीनेच माणूस पडण्याच्या जवळ जातो म्हणा ना.

बाबा का पडले ते आधी शोधा. दोनदा पडले म्हणजे काहीतरी कारण आहे, आणि बहुतेक वेळा त्यावर काही ना काही करता येतं.

वय झालं की तोल जाणारच ना, त्याला काय इलाज?

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, कधीकधी दवाखान्यातसुद्धा. तोल ही एक गोष्ट नसते. डोळे सांगतात आपण कुठे आहोत, कानाच्या आतला भाग सांगतो डोकं कसं वळलंय, तळपाय सांगतात खाली काय आहे, मेंदू हे सगळं जुळवतो आणि मग पायाचे स्नायू वेळेत सावरतात. यातला एक कमी पडला तर बाकीचे सांभाळून घेतात, पण दोन कमी पडले की गडबड. म्हणूनच दिवसा ठीक चालणारी आजी रात्री अंधारात बाथरूमला जाताना हेलकावते, कारण तळपाय आधीच बधिर होते आणि आता डोळ्यांचीही मदत गेली.

आपल्याकडे काही कारणं फार दिसतात. वर्षानुवर्षांचा मधुमेह, त्यात तळपायाची जाणीव जाते, पायातून चप्पल निसटली तरी कळत नाही. बी-१२ ची कमतरता, शाकाहारी घरांत तर हमखास बघून घ्या, साधी रक्ततपासणी आहे. मोतीबिंदू पिकायची वाट बघत वर्षं काढलेली असतात. चष्मा जुना असतो, किंवा दोन नंबरांचा असतो आणि जिना उतरताना नेमकी पायरी खालच्या भिंगातून धूसर दिसते. आणि औषधं. झोपेची गोळी, बीपीच्या दोन-तीन गोळ्या, लघवीची, प्रोस्टेटची, शुगरची, वेगवेगळ्या डॉक्टरांनी वेगवेगळ्या वेळी दिलेल्या आणि एकाने दुसऱ्याची चिठ्ठी कधी बघितलेलीच नाही. सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरून एकाच डॉक्टरांसमोर ठेवा आणि विचारा यातलं काय काय अजून लागतंय. मनाने मात्र कुठलीही गोळी बंद करू नका, झोपेची तर अजिबात नाही, ती हळूहळूच सोडवावी लागते.

अंथरुणातून उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, दोन मिनिटांत जाते. हे काय असतं?

बहुतेक वेळा उभं राहिल्यावर बीपी खाली जातं. पाच मिनिटं आडवं पडून बीपी घ्या, मग उभं राहून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला घ्या. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर ते आकडे लिहून डॉक्टरांना दाखवा, दवाखान्यात बसूनच बीपी बघतात त्यामुळे हे बऱ्याचदा निसटतं. हे मोजताना शेजारी कोणीतरी उभं असू द्या. तोवर उठायची पद्धत बदला. आधी कुशीवर, मग पलंगाच्या कडेला बसा, पाय खाली सोडून पावलं वीसेक वेळा वरखाली करा, मग उभं राहा, आणि उभं राहिल्यावरही पलंग धरून मनात दहा अंक मोजून मगच पहिलं पाऊल. रात्री लघवीला घाईघाईने उठताना पडणारे फार, म्हणून हे रात्रीसुद्धा.

कूस बदलली की सगळं घर गरगर फिरतं. मानेचा स्पॉंडिलायटिस आहे म्हणतात, पट्टा दिलाय.

आपल्याकडे चक्कर म्हटली की मान, असं समीकरणच झालंय. पण कूस बदलताना, वर माळ्याकडे बघताना, आडवं होताना काही सेकंद सगळं फिरतं आणि थांबतं, असं असेल तर कानाच्या आत कॅल्शियमचे बारीक कण असतात ते जागचे हलून भलत्या नळीत गेलेले असण्याची शक्यता खूप. याला गोळ्यांचा फारसा उपयोग नसतो. ईएनटी डॉक्टर किंवा यातला जाणकार फिजिओ डोकं ठरावीक दिशेने वळवून ते कण परत जागेवर आणतो, एप्ली पद्धत म्हणतात त्याला, १०-१५ मिनिटांचं काम असतं आणि एक-दोनदा केल्यावर बऱ्याच जणांची चक्कर जाते. आमच्या गटातल्या एक काकू दोन वर्षं मानेचा पट्टा लावून, भिंतीला धरून चालत होत्या, आडवं व्हायला घाबरायच्या म्हणून खुर्चीत झोपायच्या, आणि हे केल्यावर त्याच आठवड्यात पलंगावर झोपल्या. व्हिडिओ बघून घरी पहिल्यांदाच करू नका, कुठल्या कानाचं आहे ते आधी कळावं लागतं.

तोल किती बिघडलाय हे घरी कसं कळणार?

तीन साध्या गोष्टी आहेत, फिजिओ लोकही याच करतात. कोणीतरी शेजारी हवंच.

पहिली, भिंतीला टेकवलेली, हात नसलेली खुर्ची घ्या, हात छातीवर घडी घालून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठून बसता येतं ते मोजा. ७० ते ७४ वयात बाईंना १० पेक्षा कमी आणि पुरुषांना १२ पेक्षा कमी जमत असेल तर पायात ताकद कमी आहे, ८० ते ८४ ला हेच आकडे ९ आणि १०. हात टेकल्याशिवाय एकदाही उठता येत नसेल तर मोजणी शून्य धरायची, आईची पहिल्या दिवशी शून्यच होती.

दुसरी, ओट्याजवळ उभं राहून एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला टेकवून सरळ रेषेत १० सेकंद उभं राहता येतंय का. तिसरी, खुर्चीतून उठून तीन मीटर चालत जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं, नेहमीच्या चालीने, काठी वापरत असाल तर काठीसकट. १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पडायचा धोका वाढलाय असं समजतात.

आणि एक चौथी, मोजायची नाही, नुसती बघायची. चालताना त्यांच्याशी बोला. बोलायला म्हणून ते थांबतायत का? म्हणजे चालण्यातच सगळं लक्ष खर्च होतंय. अशा माणसाने चालता चालता मोबाईल घेऊ नये, वाजला तर वाजू दे, बसून मग फोन करायचा, हा नियम आमच्या घरात सगळ्यांनी पाळलाय.

मग व्यायाम नेमके कोणते करायचे? रोज चालतो की आम्ही.

चालणं चांगलंच आहे पण नुसत्या चालण्याने तोल सुधारत नाही, आणि ज्यांचा तोल फार गेलाय त्यांना "रोज भरभर चाला" एवढंच सांगणं तर धोक्याचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांत ६५ च्या पुढच्यांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल सांगितलीये, पण त्यासोबत आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम वेगळे सांगितलेत. लोकांना १५० मिनिटं लक्षात राहतात, दुसरा भाग कोणी सांगतच नाही. न्यूझीलंडच्या ओटॅगो विद्यापीठात घरच्या घरी करायचे असे व्यायाम बसवले गेले, ८० च्या पुढच्या लोकांनीही केले, आणि पडण्याचं प्रमाण जवळपास एक तृतीयांशाने कमी झालं. त्याला जिम लागत नाही, स्वयंपाकघराचा ओटा लागतो. ओटा हलत नाही, बरोबर कमरेच्या उंचीला असतो, आणि मागे एक खुर्ची ठेवली की दोन्ही बाजूंनी आधार. गॅस मात्र बंद असू द्या आणि फरशी कोरडी.

आम्ही जे करतो ते सांगते. खुर्चीतून उठ-बस, सुरुवातीला हात टेकून, मग एका हाताने, मग हाताशिवाय, आणि खाली बसताना धपकन न बसता हळू, चार मोजत, कारण ताकद खरी तिथे येते. ओट्याला धरून टाचा उचलणं, मग उलट, चवडे उचलणं. हा चवडे उचलायचा व्यायाम लोक टाळतात, पण उंबऱ्याला, पायपुसण्याला पाय अडकतो तो चवडा नीट उचलला जात नाही म्हणूनच. एक पाय सरळ बाजूला उचलून खाली, कंबर वाकडी न करता. ओट्याच्या कडेकडेने खेकड्यासारखं आडवं चालणं. टाचेला अंगठा लावून ओट्याच्या कडेने पुढे जाणं. एका पायावर उभं राहणं, आधी दोन्ही हातांनी धरून, मग एका, मग दोन बोटं, मग हात नुसता वर तरंगता ठेवून. आणि वळणं, हे खास शिकवावं लागतं, कारण बरेच जण सरळ चालताना नाही तर वळताना पडतात. एका पायावर गिरकी घ्यायची नाही, छोटी छोटी पावलं टाकत अर्धवर्तुळ करायचं.

प्रत्येक ८-१० वेळा, दमलात तर मध्ये बसा, एकूण अर्धा तास, आठवड्यातून तीनदा, मध्ये एक दिवस सोडून. चालणं इतर दिवशी. सोपं वाटायला लागलं की आधार कमी करा किंवा पायाला अर्ध्या किलोची वजनपट्टी लावा. थोडं डगमगल्यासारखं झालं पाहिजे, त्यातूनच तोल शिकला जातो, अगदी घट्ट धरून उभं राहिलं तर नुसते हात दमतात. फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात, दहा दिवसांत काही होत नाही म्हणून सोडू नका.

८५ च्या पुढे आता काय ताकद येणार? उगाच त्रास कशाला द्यायचा?

१९९४ मध्ये अमेरिकेत बोस्टनच्या एका वृद्धाश्रमातल्या १०० जणांवरचा अभ्यास छापून आला होता, सरासरी वय ८७, बरेच जण काठी-वॉकर-व्हीलचेअरवाले. वजन लावून पायांचा व्यायाम १० आठवडे केला तर त्या गटाची ताकद दुपटीपेक्षा जास्त झाली, चालण्याचा वेग वाढला, जिना चढणं सुधारलं. स्नायूला वय कळत नाही असं नाही, पण काम दिलं की तो ८७ व्या वर्षीही ऐकतो. मी हे आमच्याकडे ९० च्या आजोबांत बघितलंय, ते आता कमोडवरून स्वतः उठतात. घरच्यांना विचारा त्याची किंमत काय असते, आणि त्याहून जास्त आजोबांना विचारा.

गुडघे झिजलेत, डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला. चाललं की आणखी झिजतील ना?

नाही. मांडीचा पुढचा स्नायू मजबूत झाला की गुडघ्यावरचा भार तो उचलतो आणि दुखणं कमी होतं, म्हणूनच गुडघेदुखीवरचा पहिला इलाज व्यायाम आणि वजन कमी करणं हाच सांगतात, ऑपरेशन ठरलं असेल तरी आधी पाय मजबूत केलेले बरे. आमचा नियम असा की व्यायाम करताना थोडं दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी कालच्यापेक्षा जास्त दुखत असेल किंवा गुडघा सुजला असेल तर तो व्यायाम निम्मा करायचा, बंद नाही करायचा. खुर्चीत बसून पाय सरळ करून पाच मोजेपर्यंत धरणं, इथून सुरू करा.

मांडी घालून जमिनीवर बसणं पूर्ण सोडायचं का?

गुडघा बदललाय किंवा खुब्याचं ऑपरेशन झालंय तर तुमच्या सर्जनने सांगितलेलंच पाळा. बाकीच्यांनी दुखत असताना जबरदस्ती करू नये, पूजा खुर्चीत बसून केली तर देव रागावत नाही, देवघर टेबलाच्या उंचीवर घ्या, काहीही बिघडत नाही. पण ज्यांना अजून जमतंय त्यांनी सोडू नका असं मी कळकळीने सांगेन. जमिनीवर बसणं आणि उठणं यात पाय, कंबर, हात, तोल सगळ्याला काम मिळतं, आणि उद्या पडलात तर जमिनीवरून उठायची सवय शरीराला असते. शेजारी भक्कम स्टूल ठेवा, त्यावर हात टेकून एक गुडघा खाली, मग दुसरा, असं सावकाश. दिवसातून एकदा केलं तरी पुरे.

काठी घेतली की सवय लागते, आणि चारचौघांत लाज वाटते म्हणून बाबा घेत नाहीत.

चष्म्याची सवय लागली म्हणून कोणी चष्मा टाकून देत नाही. काठीमुळे माणूस घराबाहेर पडतो, घरात बसण्यापेक्षा काठी घेऊन कट्ट्यावर गेलेलं कधीही चांगलं.

पण काठी नीट घ्या. घरात आजोबांची पडून होती ती उचलायची नाही. नेहमीच्या चपला-बूट घालून सरळ उभं राहायचं, हात खाली सोडायचे, मनगटावर जी घडी पडते तिथपर्यंत काठीची मूठ आली पाहिजे. दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची, डावा गुडघा दुखतो तर काठी उजव्या हातात, आणि काठी व दुखरा पाय एकदम पुढे. हे उलटं करणारे निम्म्याहून जास्त दिसतात मला रस्त्यात आणि थांबवून सांगावंसं वाटतं. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी. खालचं रबरी बूच झिजलं की बदला, थोड्या रुपयांची वस्तू आहे आणि गुळगुळीत बूच ओल्या फरशीवर सरळ घसरतं. दोन्ही पाय कमजोर असतील किंवा तोल सगळ्याच बाजूंना जात असेल तर काठीने भागत नाही, वॉकर लागतो, फिजिओकडून मापाने घ्या. आणि वॉकर धरून उठायचं नसतं, उठायचं खुर्चीचे हात दाबून, मग वॉकर पकडायचा.

घरात काय काय बदलावं?

बाथरूमपासून सुरू करा आणि पैसे कमी असतील तर तिथेच खर्च करा. कमोडच्या बाजूला आणि आंघोळीच्या जागी भिंतीत पक्के रॉड, टॉवेल टांगायचा दांडा नव्हे, तो माणसाचं वजन पेलत नाही, हातात उपटून येतो. आंघोळीला प्लास्टिकचं स्टूल नको, रुंद पायांची, खाली रबर असलेली खुर्ची. साबणाचं पाणी साचू देऊ नका. बाथरूमला बाहेरूनही उघडता येईल अशी कडी.

मग पायपुसणी. घरातली सगळी जुनी, कडा वर आलेली, सरकणारी पायपुसणी आजच फेकून द्या. पलंगापासून बाथरूमपर्यंत रात्री दिवा. वायरी, नातवंडांची खेळणी, दारातला चपलांचा ढीग. पलंग इतका उंच की बसल्यावर पाय जमिनीला पूर्ण टेकतील. रोज लागणारे डबे कमरेच्या ते खांद्याच्या उंचीत, स्टुलावर चढून वरचा डबा काढणं बंद म्हणजे बंद, दिवाळीच्या साफसफाईतसुद्धा. घरात मोजे घालून टाईल्सवर चालू नका, स्लिपरऐवजी मागून पट्टा असलेली चप्पल. साडी किंवा गाऊन घोट्याच्या वर.

पार्किन्सन्स (कंपवात) आहे, पाऊल जागेवरच चिकटतं. त्यांनी पण व्यायाम करायचा?

त्यांनी तर नक्की, आणि औषधाचा असर चांगला असतो त्या वेळेत. पाऊल चिकटलं की मागून ढकलू नका, हात धरून ओढू नका, तोंडावर पडतात. थांबा, श्वास घ्या, वजन डाव्या-उजव्या पायावर हलवा, "एक, दोन, एक, दोन" मोठ्याने म्हणा, किंवा जमिनीवर रेषा आहे आणि ती ओलांडायची आहे असं समजा. मेंदूचा बिघडलेला रस्ता सोडून हा दुसरा रस्ता असतो. पुण्याच्या डिझायनर मिलेहा सोनेजी यांनी आपल्या काकांचं निरीक्षण करून हेच ओळखलं, सपाट फरशीवर अडखळणारे काका जिना मात्र सहज उतरत होते, म्हणून त्यांनी फरशीवरच पायऱ्यांचं चित्र तयार केलं आणि काका त्यावरून चालायला लागले. घरी रंगीत चिकटपट्टीच्या आडव्या रेषा मारून बघा, विशेषतः दारात आणि वळणावर, खर्च काहीच नाही. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ हा आधारगट आहे, तिथे रुग्णांचं आणि सांभाळणाऱ्यांचं दोघांचंही ऐकून घेतलं जातं.

योगासनं चालतील? हास्यक्लब?

चालतील, आधार घेऊन. खुर्ची, भिंत, दोर, लाकडी ठोकळे यांच्या मदतीने आसनं करायची पद्धत पुण्यातच बी. के. एस. अय्यंगार यांनी जगाला दिली आणि ते स्वतः नव्वदी ओलांडल्यावरही सराव करत होते. तेव्हा खुर्ची वापरली म्हणजे खरा योग नाही असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. हाडं ठिसूळ असतील तर पुढे खूप वाकणारी आणि पाठ पिळणारी आसनं टाळा, शीर्षासन नको. हास्यक्लबला जरूर जा, उभं राहवत नसेल तर खुर्ची मागा, माणसांत जाणं हाही त्यातला मोठा फायदा.

खाण्यात काय बघायचं?

प्रोटीन. आपल्याकडे वय झालं की जेवण म्हणजे मऊ भात, पातळ वरण, चहा-खारी, त्यातून स्नायूला काहीच मिळत नाही. वजनाच्या दर किलोला दिवसाला १ ते १.२ ग्रॅम लागतं, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम, आणि एका अंड्यात साधारण ६ ग्रॅमच असतं यावरून अंदाज घ्या. तिन्ही वेळच्या खाण्यात दूध, दही, पनीर, मोड आलेली उसळ, घट्ट डाळ, अंडं, मासे, शेंगदाण्याचं कूट यातलं काहीतरी हवं. किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच. डी व्हिटॅमिन तपासून घ्या. पाणी कमी पिऊ नका, लघवीला उठावं लागतं म्हणून पाणी सोडणारे ज्येष्ठ भरपूर आहेत आणि त्यांचंच बीपी उठल्यावर पडतं.

पडलोच तर काय करायचं?

लगेच उठायची धडपड करू नका, आणि घरच्यांनी काखेत हात घालून ओढून उभं करू नका, मोडलेलं हाड सरकू शकतं. एक मिनिट पडून राहा, कुठे दुखतंय, हात-पाय हलतायत का बघा. खुब्यात किंवा जांघेत जोरात दुखतंय, एक पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसतोय, तर हलू नका, रुग्णवाहिका बोलवा, १०८.

सगळं ठीक वाटलं तर कुशीवर वळा, कोपरावर या, मग दोन्ही हात आणि गुडघ्यांवर, रांगत जवळच्या भक्कम खुर्चीपाशी जा. दोन्ही हात खुर्चीवर, जास्त ताकदीचा पाय पुढे टेकवा, हातांनी रेटा देऊन वर, आणि वळून बसा. बराच वेळ तसेच बसून राहा. हे धडधाकट असताना, गादी अंथरून, कोणीतरी सोबत असताना शिकून ठेवायचं. आमच्या गटात दर महिन्याला एकदा करतो. एका मावशींनी घरी एकट्या असताना पडल्यावर हे केलं आणि स्वतः उठून मुलीला फोन केला. उठता आलं नाही तर फरशीवर, दारावर काहीतरी आपटून आवाज करा, चादर ओढून अंगावर घ्या, एकटं राहणाऱ्यांनी फोन गळ्यात किंवा खिशात ठेवावाच. डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर बरं वाटत असलं तरी त्याच दिवशी दवाखान्यात जा. आणि पडल्याचं लपवू नका. "बोलतील" म्हणून लपवतात आणि दुसऱ्यांदा पडल्यावरच घरात कळतं.

व्यायाम कधी थांबवायचा?

छातीत दुखणं-दडपणं, बोलता येणार नाही इतका दम, घेरी, अचानक घाम, लगेच बसा आणि डॉक्टर. तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, जीभ जड होणं, अचानक तोल जाऊन उभंच राहता न येणं हा लकवा असू शकतो, मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, तेव्हा "बघू सकाळी" नको.

खर्च झेपत नाही. काही मदत मिळते का?

मुख्यमंत्री वयोश्री योजनेत महाराष्ट्रातल्या ६५ वर्षांवरच्या, वार्षिक कौटुंबिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्यांना काठी, वॉकर, कमोड खुर्ची, गुडघ्याचा पट्टा अशा वस्तूंसाठी एकदाच ३,००० रुपये खात्यात देण्याची तरतूद आहे. केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत शिबिरं घेऊन काठ्या, वॉकर, व्हीलचेअर, श्रवणयंत्रं देतात. जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात चौकशी करा, आधार आणि पासबुक घेऊन जा. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही मोफत हेल्पलाईन आहे. एसटीत ७५ च्या पुढे प्रवास फुकट आहे, पण पायरी फार उंच असते, आधी वर सांगितलेले उठ-बसचे आणि पाय उचलायचे व्यायाम करा, मग कठडा दोन्ही हातांनी धरून चढा आणि कंडक्टरना थांबा म्हणून सांगायला संकोचू नका.

सगळं पटतं, पण आई ऐकतच नाही. काय करू?

"व्यायाम कर" म्हणू नका. तिला कुठे जायचंय ते विचारा. माझ्या आईला मी चार महिने व्यायामाच्या मागे लागले होते, काही उपयोग नाही, चिडायची. मग एकदा सहज विचारलं तर म्हणाली, शालूकडे जायचंय. तिची बहीण, दुसरा मजला, लिफ्ट नाही, पडल्यापासून गेलीच नव्हती, फोनवरच बोलायच्या. मी जाऊन पायऱ्या मोजून आले, ३४ होत्या, मध्ये दोन जागा थांबायला, कठडा उजव्या हाताला. मग आमच्या जिन्यात रोज दोन पायऱ्यांपासून सुरुवात केली, चांगला पाय आधी, ती स्वतःच कॅलेंडरवर आकडा लिहायची. तिसऱ्या महिन्यात गेलो. मावशीने दुसऱ्या जागेवर खुर्ची आणून ठेवली होती, आई तिच्यावर बसलीच नाही, वर जाऊन आधी पाणी मागितलं आणि मग दोघी संध्याकाळपर्यंत बोलत होत्या.